'पानी' आणि 'पाणी' : गप्पांच्या लेखनातील शुद्धतेचा प्रश्न

आमच्या दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. २०१६चा उन्हाळा. लातूरला रेल्वेने पाणी जात होते आणि आमच्या जालना जिल्ह्यात टँकरची वाट पाहण्यात दिवस जात होते. अंबड तालुक्यातल्या एका वर्गमित्राने गटावर लिहिले : 'हिरीचं पानी आटलं. मोसंबीला टँकर घालायलो. झाडं राह्यली तर राह्यली.' त्याखाली मी लिहिले : ''हिरीचं' नव्हे, 'विहिरीचे'. 'पानी' नव्हे, 'पाणी'.' पुढे हसरा चेहरा टाकला. चार-पाच जणांनी अंगठे दाखवले. मित्राने हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. त्यानंतर त्याने गटावर एकही वाक्य लिहिले नाही. दिवाळी-पाडव्याला हात जोडायचा, एवढेच. त्याने बाग तोडल्याचे मला दोन वर्षांनी तिसऱ्याकडून कळले.

मी तालुक्याच्या गावी टंकलेखनाचे आणि डीटीपीचे दुकान पंचवीस वर्षे चालवले. लोकांच्या अर्जांतल्या, लग्नपत्रिकांतल्या वेलांट्या दुरुस्त करून पोट भरले. भाषेची पदवी माझ्याकडे नाही. मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण आणि अरुण फडके यांचे 'शुद्धलेखन ठेवा खिशात' हेच माझे गुरू. त्यामुळे चूक दिसली की हात शिवशिवतो. तो कुठे आवरावा आणि कुठे नाही, हे तपासण्यासाठी हा लेख आहे. गप्पांच्या लेखनात शुद्धतेला महत्त्व आहे का, हा प्रश्न वरवर पाहता आजचा, मोबाइलमुळे आलेला वाटतो. तो तसा नाही.

दुकान बंद केल्यावर मी मोडी शिकलो. जालन्याच्या एका व्यापारी घरातल्या पेटीतली पत्रे वाचायला मिळाली म्हणून शिकलो. कापसाचा भाव, लेकीचा ताप, उधारीची आठवण, असा त्यांतला मजकूर. आज जे आपण फोनवर टाकतो तेच. मोडीत वेलांटी-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळण्याची रीत नव्हती. शब्दांमध्ये जागा सोडत नसत, विरामचिन्हे नव्हती; लेखणी न उचलता ओळ पुरी करायची. म्हणजे मराठी माणसाचा रोजचा पत्रव्यवहार शतकानुशतके ज्या लिपीत चालला, तिच्यात आज ज्याला आपण शुद्धलेखन म्हणतो त्यातला निम्मा भाग अस्तित्वातच नव्हता. राज्ये चालली, हुंड्या वटल्या, लग्ने जुळली. 'दिन' की 'दीन' असा घोटाळा होऊन कुणाचे नुकसान झाल्याचे त्या पेटीत तरी मला आढळले नाही. संदर्भ अर्थ सांगत होता.

मग जुन्या काळी लेखनाची काळजी कुणी करतच नव्हते का? करत होते, पण ती वेगळ्या लेखनाची. आमच्याच जिल्ह्यातल्या जांब समर्थ येथे जन्मलेल्या रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका हातचा कसा दिसावा, याचा तिथे बारकाईने विचार आहे. पण तो पोथीचा, बाळबोध लिपीचा विचार आहे. पोथी पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाणार, अनोळखी माणूस वाचणार, म्हणून वाचणाऱ्याच्या डोळ्याची चिंता. पोथीला एक शिस्त आणि निरोपाला दुसरी, ही वाटणी मराठीत जुनी आहे. ती कुणाला कमीपणाची वाटत नव्हती.

छापखान्याने ही वाटणी मोडली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली छापून आले, मेजर कँडींच्या देखरेखीखाली शाळेची पुस्तके आली, विरामचिन्हे आली. छापलेली बाळबोध मराठी ती खरी मराठी, असा समज रुजला. आणि त्याबरोबरच, लिहिणारा काय म्हणतो याआधी तो कसे लिहितो हे पाहण्याची खोडही रुजली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून 'निबंधमाला' चालवली. तिच्यात जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार आहे आणि त्यात फुल्यांच्या व्याकरणाची यथेच्छ थट्टा आहे. शास्त्रीबुवांचे गद्य मला आजही आवडते, हे लपवत नाही. पण 'गुलामगिरी' १८७३ साली जे विचारत होती, त्याचे उत्तर विभक्ती-प्रत्ययांत नव्हते. प्रश्न अवघड असला की प्रश्नकर्त्याच्या वेलांट्या मोजायच्या, ही युक्ती मी तिथे प्रथम ओळखली. मग माझीही आठवली. मित्राचा मजकूर बाग मरत असल्याचा होता. मी उत्तर 'ण'चे दिले.

आता मराठवाड्यापुरते बोलतो, कारण पुण्या-मुंबईच्या चर्चेत हा भाग सुटतो. आम्ही निजामाच्या राज्यात होतो. माझ्या वडिलांचे शिक्षण उर्दूतून झाले. उर्दूच्या रोजच्या लेखनात ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, जेर-जबर, लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने ओळखायचे. १७ सप्टेंबर १९४८ला राज्य बदलले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनाने मान्य केले. १९७२ मध्ये चार वाढून ते अठरा झाले. म्हणजे ज्या प्रदेशात शाळेची भाषा नुकती मराठी झाली होती, तिथे पंधरा वर्षे होण्याच्या आत नवी शुद्धता येऊन ठेपली. वडील दुकानाच्या वहीत 'साखर', 'तुर', 'ज्वारि' असे लिहीत. मी पाचवीत असताना लाल पेन घेऊन ती वही तपासली होती. ते हसले होते. आईला ते आवडले नव्हते.

बासष्टच्या नियमांनी काय केले हे आठवून पाहावे. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'घरें' असे न उच्चारलेले अनुस्वार देणारा तो शुद्ध, न देणारा अडाणी. नियम आले आणि देणारा जुनाट ठरला. 'कवि' बरोबर होते, ते चूक झाले. 'कवी' चूक होते, ते बरोबर झाले. सत्त्वशीला सामंतांसारख्या जाणकारांनी यातल्या काही नियमांना शेवटपर्यंत विरोध केला. मी नियमांच्या बाजूचा आहे. छपाईला एक काहीतरी ठरलेले लागतेच. पण जे ठराव करून बदलते, त्याच्यावरून माणसाची अक्कल किंवा संस्कार मोजता येत नाहीत.

आणि त्या नियमांतच एक दार आहे, ज्याकडे आम्हा दुरुस्तीवाल्यांचे लक्ष जात नाही. 'असं केलं', 'मी म्हटलं' ही बोलण्यातली रूपे पात्राच्या तोंडी चालतात, असे नियमच सांगतात. म्हणजे लिहिलेले असूनही जे मुळात बोलणे आहे, त्याला वेगळा न्याय आहे. व्हॉट्सॲपवर प्रत्येक माणूस स्वतःच्याच तोंडचे वाक्य लिहीत असतो. शिवाय माझ्या मित्राचे 'हीर' ही चूक नव्हतीच. आमच्याकडे विहिरीला हीर म्हणतात. 'पानी'ही आमच्या शिवारात 'पानी'च आहे. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' १९७१ साली आली, तिच्यातल्या बोलीचे आपण कौतुक करतो. १९५२ साली बहिणाबाईंची गाणी छापून आली, तिथल्या 'न'ला आपण गोडवा म्हणतो. तोच 'न' जिवंत शेतकऱ्याच्या बोटातून उतरला की तो अशुद्ध कसा होतो?

याहून विचित्र गोष्ट मला गटावरच दिसली. तिथे निम्मे लोक मराठी रोमन अक्षरांत लिहितात. त्यात 'न' आणि 'ण' एकच, 'ल' आणि 'ळ' एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. त्यांना कधी कुणी दुरुस्त केले नाही. मीही नाही. दुरुस्ती होते ती देवनागरीत लिहिणाऱ्याची! म्हणजे जो कष्ट घेऊन आपल्या लिपीत लिहितो त्याला दंड, आणि लिपी सोडणाऱ्याला माफी. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर तर गटावर दुरुस्तीचा जोर वाढला. परिणाम असा, की आमच्या तुकडीतल्या बायका हळूहळू रोमनकडे, फुलांच्या चित्रांकडे आणि अंगठ्यांकडे वळल्या. एकीने मला तोंडावर सांगितले, ''इंग्रजी अक्षरात लिहिलं की कुणी मास्तर होत नाही.''

बऱ्याच चुका तर माणसाच्या नसतातच. 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' घ्या. साधा 'र' आणि हलन्त दिला की त्याचा रफार होतो आणि 'दुसर्या' उमटते. खरे अक्षर काढायला नुक्त्याचा 'ऱ' शोधावा लागतो. दुकानात मी हे शेकडो जणांना दाखवले आहे. फोनवर तो कुठल्या कळीखाली दडलाय हे किती जणांना ठाऊक असेल? ज्याला यंत्र हिंदीकडे ओढत नेते, त्याला आपण व्याकरण शिकवतो.

मग काहीच महत्त्वाचे नाही का? आहे, आणि तिथे मी कडक आहे. गटावर निधनाची बातमी येते : 'अंत्यविधी ४ वाजता.' आज की उद्या, कोणत्या गावी, पहाटे की दुपारी, काही नाही. औषधाचा निरोप येतो, पण गोळी एक की दोन आणि जेवणाआधी की नंतर हे नाही. चार वाक्ये विरामाशिवाय जोडून येतात आणि कोण कुणाला काय म्हणाले तेच कळत नाही. या चुका वाचणाऱ्याला अडवतात, कधी स्मशानातून परत पाठवतात. मात्र यांवर लाल पेन कुणी चालवत नाही, कारण यांत आपले शिक्षण मिरवता येत नाही. तेव्हा मी स्वतःला एकच विचारतो : मला कळले का? कळले असेल तर गप्प बसावे. कळले नसेल तर विचारावे, 'कोणत्या दिवशी?' एवढेच.

माझे एक शिक्षक-मित्र म्हणतात, रोज असे लिहिले की हात बिघडतो, मुले परीक्षेतही तेच लिहितात. त्यांची चिंता खोटी नाही. पाठ्यपुस्तक, अर्ज, बातमी, न्यायालयाचा कागद इथे नियम हवेतच. अर्जातल्या चुकीने नोकरी हुकते हे मी दुकानात पाहिले आहे. पण माझ्याकडे येणारी पोरे फोनवर कसेही लिहीत आणि अर्ज आला की ''काका, हे नीट करून द्या'' म्हणत. कुठे नीट लागते हे त्यांना कळत होते. मला ते उशिरा कळले.

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. शेते तळी झाली. मी त्या मित्राला गटाबाहेर, एकट्याला लिहिले : 'कसे आहात सगळे?' त्याने लिहिले नाही, आवाज पाठवला. चाळीस सेकंदांचा. ''हिरीला काठोकाठ पानी आलंय, पर सोयाबीन गेलं समदं. घर ठीक हाये. लिहून नाही सांगत बाबा तुला, तुला चुका दिसतेत.'' मागे पावसाचा आवाज होता. मी उत्तर लिहायला घेतले, दोनदा खोडले, आणि फोन लावला.