‘फरक नाही’ म्हणजे नक्की काय? : ड्राफ्ट-२ वाचताना

क्लिनिकल ट्रायल कशी वाचायची, असं कोणी विचारलं तर मी ड्राफ्ट-२ हा पेपर सुचवेन. मॅथ्यू कोस्टा आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२२ मध्ये बीएमजेत आला. पेपर चांगला आहे, म्हणूनच तो बारकाईने तपासायला हवा.

प्रश्न असा : मनगटाजवळचं रेडियस हाड मोडून सरकलं आणि भूल देऊन ते जागेवर बसवलं. आता ते तिथेच राहावं म्हणून त्वचेतून तारा (के-वायर) घालायच्या, की नीट आकार देऊन घातलेलं प्लास्टर पुरे? ब्रिटनमधली ३६ हॉस्पिटलं, ५०० पेशंट. १२ महिन्यांनी पेशंटनेच भरलेल्या ० ते १०० गुणांच्या प्रश्नावलीत (गुण जास्त, त्रास जास्त) तारांच्या गटाची सरासरी २०.७, प्लास्टरची २१.२.

इथे थांबू नका, कॉन्फिडन्स इंटरव्हल बघा : -४.३३ ते ३.६६. पेशंटला जाणवेल असा फरक किमान ६ गुणांचा धरला होता. दोन्ही टोकं त्याच्या आत आहेत. म्हणजे ‘फरक सापडला नाही’ एवढंच नव्हे, तर सरासरीत ‘मोठा फरक असण्याची शक्यता फार कमी’ असं म्हणता येतं. लहान नमुन्याच्या अभ्यासांना हे जमत नाही. ही या पेपरची खरी ताकद.

आता दुसरा आकडा. प्लास्टरच्या गटातल्या ३३ जणांचं, म्हणजे १३ टक्क्यांचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत पुन्हा सरकलं आणि त्यांना ऑपरेशन करावं लागलं. तारांच्या गटात पुन्हा ऑपरेशन झालं ते एकाचं. तरीही हे ३३ जण विश्लेषणात प्लास्टरच्याच गटात मोजले गेले. हे नियमाला धरूनच आहे, इंटेन्शन-टू-ट्रीट म्हणतात ते हेच. पण मग तुलना ‘प्लास्टर विरुद्ध तारा’ अशी उरत नाही. ती ‘आधी प्लास्टर, लक्ष ठेवा, गरज पडली तर ऑपरेशन’ या धोरणाची होते. पेपरचं शीर्षक वाचून हे कळत नाही, ही माझी तक्रार.

तक्रार शब्दांपुरती नाही. ‘लक्ष ठेवा’ या भागासाठी पेशंट वेळेवर एक्स-रेला परत यायला हवा. गावाहून एसटीने येणारी बाई मजुरी बुडवून परत आलीच नाही, तर तिचं सरकलेलं हाड तसंच जुळेल. तिच्यासाठी १२ महिन्यांची ती सरासरी लागू पडेलच असं नाही.

आणखी एक. तारा घातलेल्यांनाही वरून प्लास्टर होतंच. त्यामुळे ऑपरेशननंतर प्लास्टर किती आठवडे ठेवावं, याचं उत्तर इथे शोधू नका. तो प्रश्न या ट्रायलने विचारलेलाच नाही.

म्हणून पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा निष्कर्षाआधी एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहा : इथे कशाची तुलना कशाशी झाली?