चालता येते, विचारता येत नाही

आभासी वास्तवाची रचना हा आता पदव्युत्तर अभ्यासाचा विषय झाला आहे. आपल्या समाजातील मुलेमुलीही तिकडे वळतील. यंत्र हाती घेण्यापूर्वी त्यांनी २०१७ ची ‘द लास्ट गुडबाय’ ही कृती नीट पाहावी, असे आम्हांस वाटते. यूएससी शोआ फाउंडेशनच्या या कृतीचे दिग्दर्शक गाबो अरोरा आणि अरी पॅलिट्झ. यांपैकी अरोरा यांनी पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याच विषयाच्या अभ्यासक्रमाची उभारणी केली.

पिंखस गुटर यांचे आईवडील आणि जुळी बहीण सबिना मायदानेक येथे मारली गेली. हेडसेट घालून आपण गुटर यांच्याबरोबर तेथे जातो. रेल्वेचा डबा, गॅसची कोठडी, बराकी यांतून पावले टाकतो. ही ठिकाणे असंख्य छायाचित्रे जोडून उभी केली आहेत, आणि गुटर यांचे प्रत्यक्ष चित्रण त्यांत बसवले आहे. ना नट, ना नाट्य. हा संयमच या कृतीचे मोठे बळ होय. सबिनाचा चेहरा गुटर यांना आठवत नाही, आठवते फक्त तिची सोनेरी वेणी. जे आठवणीतूनच गेले ते संगणकाने भरून काढू नये, हा पहिला धडा.

उणीव मात्र जाणवते. येथे चालता येते, विचारता येत नाही. याच संस्थेच्या दुसऱ्या प्रकल्पासाठी गुटर यांनी शेकडो प्रश्नांची उत्तरे चित्रित करून दिली आहेत; आपण विचारावे, संगणकाने जुळणारे उत्तर काढून द्यावे. तेथे विचारता येते, पण जागा नाही. दोन्हीकडे सांगणाऱ्याला ऐकणारा दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांनी मराठी कीर्तने सुरू केली, तेव्हा कीर्तनकार श्रोत्यांकडे पाहून कथा लांबवी, थांबवी. ते या यंत्राला साधलेले नाही.

उद्या आपलेच कोणी रेवदंड्याची वा अलिबागची मशीद अशी उभी करील. भिंती, हेखाल, तेवा हुबेहूब येतील. पण तेथे प्रार्थना केलेल्या वडीलधाऱ्यांचा मराठी आवाज आधी ध्वनिमुद्रित करावा. भिंतींचे छायाचित्र दहा वर्षांनीही घेता येईल. तो आवाज तोवर थांबणार नाही.