अर्ध्या हंगामाचा हिशेब

ग्रंथ पुरा वाचल्यावांचून त्यावर अभिप्राय देऊं नये, हा समीक्षेचा पहिला नियम मानला जातो. हा नियम ज्यास लागूंच पडत नाहीं असा एक समीक्षकवर्ग आमच्या पाहण्यांत आहे, आणि तो म्हणजे क्रिकेटच्या प्रेक्षकांचा. नाटक तिसऱ्या अंकांत असतांनाच तो पात्रांचे गुणदोष मोजूं लागतो. त्यास तसें करण्याचा अधिकारहि आहे. पडदा पडल्यावर सांगून उपयोग काय? तेव्हां त्याचा अधिकार आम्ही नाकारीत नाहीं. तो वापरतांना हातीं माप कोणतें घेतलेलें असतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

सन २०२४–२५ पासून रणजी करंडकाच्या हंगामाचे दोन तुकडे करण्यांत आले. साखळींतील सात सामन्यांपैकीं पांच ऑक्टोबर–नोव्हेंबरांत उरकतात. मग मर्यादित षटकांच्या स्पर्धांसाठीं दोन महिन्यांची सुटी पडते, आणि राहिलेले दोन सामने जानेवारींत होतात. याला लोक ‘अर्धा हंगाम’ म्हणतात. पांच-सप्तमांशाला अर्धा म्हणणारें गणित आम्हांस उमगलेलें नाहीं, पण तें असो. या मधल्या सुटींत छत्रपती संभाजीनगरांत महाराष्ट्र-संघाची चिकित्सा मोठ्या हिरीरीनें चालते. गुलमंडीवर चहाच्या पेल्यापुढें आणि आमखास मैदानाच्या कडेला तिचे फड जमतात. या मंडळींपैकीं फारच थोड्यांनीं प्रत्यक्ष सामना पाहिलेला असतो. सामने व्हावयाचे ते गहुंज्याला, नाशिकला, सोलापूरला किंवा परप्रांतीं. यांच्या हातीं येतो तो केवळ धांवफलक. म्हणजे ही समीक्षा ग्रंथाची नव्हे, अनुक्रमणिकेची असते.

अनुक्रमणिकेवरून पुष्कळ कांहीं कळूं शकतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती नीट वाचली पाहिजे. आमच्या या मित्रमंडळींच्या हिशेबांत जमेच्या बाजूला नेहमीं धांवा असतात, शतकें असतात, भागीदाऱ्या असतात. खर्चाच्या बाजूला निवडसमिति, पंच आणि दैव. गोलंदाजांचा उल्लेख झाला तर तो शेवटीं, आणि तोहि ‘गोलंदाजी जरा कमी पडली’ असा, जणूं आमटींत मीठ कमी पडावें तसा.

दोन सामने शेजारीं-शेजारीं ठेवून पाहूं. ऑक्टोबर २०१६ मध्यें वानखेडे मैदानावर दिल्लीविरुद्ध महाराष्ट्राची अवस्था २ बाद ४१ असतां स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे एकत्र आले, ते डाव घोषित होईपर्यंत वेगळे झालेच नाहींत. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. दोघांची अभंग भागीदारी ५९४ धांवांची. प्रथमश्रेणी क्रिकेटच्या इतिहासांत कोणत्याहि गड्यासाठीं याहून मोठी भागीदारी एकच आहे, संगकारा व जयवर्धने यांची २००६ मधील ६२४ धांवांची. महाराष्ट्रानें २ बाद ६३५ वर डाव सोडला. उत्तरादाखल दिल्लीनें, ऋषभ पंतच्या ३०८ धांवांच्या बळावर, ५९० केल्या. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावांतील आघाडीबद्दल महाराष्ट्रास ३ गुण मिळाले.

आतां दुसरा सामना. ऑक्टोबर २०२५ मध्यें तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध महाराष्ट्राचे आघाडीचे फलंदाज खातें उघडण्यापूर्वींच परतूं लागले. कसाबसा डाव २३९ पर्यंत गेला, त्यांत ऋतुराज गायकवाडच्या ९१ धांवा होत्या. परंतु गोलंदाजांनीं केरळला २१९ वर रोखलें. हाहि सामना अनिर्णित राहिला. महाराष्ट्राला ३ गुण.

म्हणजे ६३५ धांवांची किंमत तीन गुण आणि २३९ धांवांचीहि तीनच! पहिल्या सामन्याची कथा संभाजीनगरांत अद्याप सांगितली जाते. दुसऱ्याचें वर्णन मात्र ‘थोडक्यांत वांचलों’ एवढ्या दोन शब्दांत संपतें. बावण्यांच्या खेळीचें मोल कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. इतका वेळ लक्ष ढळूं न देतां उभें राहणें ही तपश्चर्याच होय. आमचा आक्षेप तिच्या स्तुतीला नसून, तिच्यावरून संघाचें बळ मोजण्याला आहे. त्या हंगामांत महाराष्ट्राला उपांत्यपूर्व फेरी गांठतां आली नाहीं, हें त्या कथेच्या शेवटीं कोणी सांगत नाहीं.

ही खोड आजची नव्हे. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धांवांवर नाबाद असतां, ब्रॅडमनचा ४५२ धांवांचा विक्रम आपल्याविरुद्ध मोडला जाऊं नये म्हणून प्रतिपक्षानें सामनाच सोडून दिला. ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे आणि ती हळहळण्यासारखीहि आहे. तरी त्याच सामन्यांत काठेवाडास २३८ धांवांत कोणीं गुंडाळलें, हें आम्हीं अनेकांस विचारून पाहिलें. सांगणारा अजून भेटावयाचा आहे.

याच्या उलट २०१३–१४ चा हंगाम घ्यावा. त्या वर्षीं महाराष्ट्र खालच्या ‘क’ गटांत होता. केदार जाधवनें हंगामांत सर्वांहून अधिक, १,२२३ धांवा काढल्या, हें खरें. तेव्हां फलंदाजी दुबळी होती असें म्हणण्याची सोय नाहीं. पण त्या संघाचें चरित्र घडविलें तें समद फल्लाह, श्रीकांत मुंढे आणि अनुपम संकलेचा या मध्यमगति त्रयीनें. उपांत्यपूर्व सामन्यांत वानखेडेवर मुंबईच्या ४०२ धांवांना महाराष्ट्राचें उत्तर २८० होतें. १२२ धांवांची पिछाडी! धांवांच्या मापानें मोजणाऱ्यानें तेथेंच वही मिटली असती. परंतु दुसऱ्या डावांत मुंबई १२९ वर आटोपली आणि महाराष्ट्र आठ गडी राखून जिंकला. पुढें इंदूरला बंगालचा पहिला डाव ११४ धांवांत संपला व महाराष्ट्र अंतिम सामन्यास पोंचला. तेथें कर्नाटकानें ३०५ ला ५१५ असें उत्तर दिलें आणि करंडक गेला. वीस गडी बाद करण्याचें सामर्थ्य होतें तोंवर हा संघ चढत गेला. ज्या सामन्यांत तें लाभलें नाहीं, त्यांत तो थांबला.

तथापि आमच्या शहरांतील प्रेक्षकांच्या या दृष्टिदोषाला एक कारण आहे आणि तें सहानुभूतीनें समजून घेतलें पाहिजे. महाराष्ट्र-संघानें रणजी करंडक दोनदांच जिंकला, सन १९३९–४० व १९४०–४१ मध्यें, पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखालीं. त्या वेळीं औरंगाबाद निजामाच्या राज्यांत होतें. तें मराठी मुलखाशीं राजकीयदृष्ट्या जोडलें गेलें १९५६ मध्यें. म्हणजे ज्या दोन विजयांचा वारसा पुणेंकर सहज सांगतो, तो मराठवाड्याला आठवणींतून मिळालेलाच नाहीं. मुंबईचे बेचाळीस करंडक वेगळ्या संघाचे, विदर्भाचे तीन वेगळ्या संघाचे. उरल्या महाराष्ट्रांत आपलें काय, असा प्रश्न पडला कीं हातीं येतात तीं नांवें: पैठणचा अंकित बावणे, जालन्याचा विजय झोल, बीडचा सचिन धस. झोल २०१४ मध्यें भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाचा कर्णधार होता. धस २०२४ मध्यें त्याच वयोगटाच्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. ज्यांच्या प्रांताला करंडकाचा इतिहास नाहीं, त्यांनीं शतकांचा इतिहास जपावा, हें स्वाभाविक आहे. संघ हरला तरी बावण्यांचें शतक आपलें असतें.

हें सर्व आम्हांस पटतें, आणि तरीहि यांतूनच खरी हानि होते असें आमचें मत आहे. वर दिलेलीं तिन्ही नांवें फलंदाजांचीं आहेत. मराठवाड्यांतून वर आलेल्या जलदगति गोलंदाजांत तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर याचें नांव चटकन् आठवतें. दुसरें आठवावयास वेळ लागतो. आमखासच्या कडेला वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत रोज काय ऐकूं येतें, त्यावरून पोर ठरवितें कीं बॅट मागावी कीं चेंडू. जेथें गोलंदाजाची स्तुति कानीं पडत नाहीं, तेथें उन्हांत वीस षटकें टाकावयास कोण तयार होईल?

ऑक्टोबर २०२४ मधील मुंबईविरुद्धच्या सामन्याची चर्चा हाच मासला. महाराष्ट्र पहिल्या डावांत १२६, मुंबई ४४१. दुसऱ्या डावांत गायकवाडच्या १४५ धांवांसह महाराष्ट्र ३८८. सामना मुंबईनें नऊ गडी राखून जिंकला. चर्चा मात्र ३८८ धांवांच्या ‘झुंजी’ची झाली. ज्या धांवांनीं आपल्या गोलंदाजांच्या हातीं बचाव करण्याजोगें कांहींच दिलें नाहीं, त्या झुंजीच्या खऱ्या, पण सामन्याच्या दृष्टीनें उशिराच्या होत्या.

२०२५–२६ च्या हंगामासाठीं संघाधिकाऱ्यांनीं मुंबईहून पृथ्वी शॉ आणि केरळहून जलज सक्सेना यांस आणलें, तेव्हांहि गुलमंडीवर गाजावाजा झाला तो शॉचा. सक्सेना हा फिरकी गोलंदाज. हजारों धांवांबरोबर शेंकडों बळी गांठीं असलेला. गरज कोणाची अधिक होती, हें केरळविरुद्धच्या वीस धांवांच्या आघाडीनें पहिल्याच सामन्यांत दाखविलें होतें.

सुटी संपून दोन सामने उरतात, तेव्हां पुढील फेरीचें गणित मांडणाऱ्यांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, धांवांचा स्तंभ तूर्त झांकून ठेवावा. दोन्ही सामन्यांत पहिल्या डावाची आघाडी घेऊन सामने अनिर्णित ठेवले तर पदरीं पडतात सहा गुण. एकच सामना निर्णायक जिंकला तरी सहाच, आणि डावानें किंवा दहा गड्यांनीं जिंकला तर सात. तो एक सामना जिंकावयाचा तर वीस गडी कोण घेणार, त्यांचीं नांवें आधीं लिहावीं. शतकें कोण काढणार, तें नंतर पाहतां येईल.