यकृताच्या कर्करोगावरील अल्पछेदी उपचार आणि मराठी आरोग्यलेखन : कर्जत-खालापूरच्या संदर्भात एक चिकित्सा

वैद्यकीय ज्ञान मराठीत आणणे म्हणजे केवळ पारिभाषिक शब्द घडविणे नव्हे. कोणती माहिती आधी द्यावयाची, कोणती मागून आणि ती कोणासाठी, याचाही निर्णय लेखकास करावा लागतो. यकृताच्या कर्करोगावरील अल्पछेदी उपचारांविषयी आरोग्य पुरवण्यांतून व रुग्णालयांच्या पत्रकांतून जे मराठी लेखन प्रसिद्ध होते, त्याची या दृष्टीने चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. वाचक म्हणून रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांतील सामान्य रहिवासी गृहीत धरला आहे.

प्रथम नामकरणाचा विचार करू. या उपचारांना अनेकदा 'किमान आक्रमक उपचार' असे म्हटले जाते. मराठीत 'आक्रमक' म्हणजे चढाई करणारा. साहजिकच कमी आक्रमक म्हणजे कमी जोराचा उपचार, असा अर्थ वाचक काढू शकतो. मूळ संकल्पना मात्र छेदाच्या आकाराविषयी आहे, उपचाराच्या प्रभावाविषयी नव्हे. त्यापेक्षा 'सुईद्वारे उपचार' आणि 'धमनीवाटे उपचार' हे साधे शब्द अधिक अर्थवाही आहेत. पहिल्या प्रकारात सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्याने सुई गाठीत नेऊन रेडिओलहरींच्या वा सूक्ष्मलहरींच्या उष्णतेने गाठ जाळली जाते. दुसऱ्या प्रकारात मांडीच्या सांध्यातील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन औषध सोडतात व गाठीचा रक्तपुरवठा रोखतात. निरोगी यकृतास बहुतांश रक्त प्रतिहारी शिरेतून मिळते, गाठीस मात्र मुख्यतः यकृत धमनीतून. या भेदावरच ही पद्धत आधारलेली आहे. २००२ साली हाँगकाँग व बार्सिलोना येथील चाचण्यांत निवडक रुग्णांचे आयुष्य तिच्यामुळे वाढल्याचे दिसून आले.

'निवडक' हा शब्दच या लेखनातून बहुधा गळतो. टाके नाहीत, रुग्णालयात फार दिवस राहावे लागत नाही, या गोष्टी ठळकपणे येतात. परंतु सुईद्वारे उपचाराचे उत्तम फळ साधारणतः ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीतच मिळते. गाठ मोठ्या रक्तवाहिनीलगत असल्यास वाहत्या रक्तामुळे उष्णता कमी पडते. पोटात पाणी साचण्याइतके यकृत निकामी झाले असल्यास धमनीवाटे उपचारही बहुधा टाळावे लागतात. आणि एक गाठ नष्ट झाली तरी उर्वरित यकृत आजारीच असल्याने नवी गाठ उद्भवू शकते, हे क्वचितच सांगितले जाते. छेद लहान असणे हा उपचाराचा गुण होय. तो कोणास लाभेल हे मात्र रोग केव्हा सापडला यावर ठरते. लेखनाचा भर पहिल्या गोष्टीवर राहिल्याने दुसरी झाकली जाते.

दुसरा दोष 'कावीळ' या शब्दाच्या वापरातील आहे. दूषित पाण्यातून होणारी अ व ई प्रकारची कावीळ सामान्यतः बरी होते. रक्तावाटे व प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाकडे पसरणारा ब प्रकारचा आणि मुख्यतः रक्तावाटे पसरणारा क प्रकारचा विषाणू मात्र वर्षानुवर्षे शरीरात राहून यकृतकाठिण्य व पुढे कर्करोग घडवू शकतो. आणि त्या काळात डोळे पिवळे होतीलच असे नाही. लोकभाषेत या साऱ्यास एकच नाव आहे. कावीळ उतरविली की आजार संपला, ही समजूत त्या एका नावातून पोसली जाते. आरोग्यलेखनाने येथे फरक करून दाखवावयास हवा होता.

तिसरा मुद्दा भूगोलाचा. यकृतकाठिण्य असलेल्या रुग्णाने दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. शहरी वाचकास हे वाक्य सोपे वाटते. कर्जत किंवा खोपोलीहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणाऱ्या माणसाचा लोकलच्या प्रवासात पूर्ण दिवस व दिवसाची मजुरी जाते. ठाकूर व कातकरी वाड्यांतील रुग्णास तर त्याआधी डांबरी रस्त्यापर्यंत चालत यावे लागते. जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गेलेल्या, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीपर्यंत मदत पथकांनाही पायीच चढावे लागले होते. २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात रायगडचा समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. अशा योजनेने खर्चाचा भार हलका होतो. उशिरा झालेले निदान त्यामुळे लवकर होत नाही.

यावरून असे म्हणता येईल की, या विषयावरील मराठी लेखनाचा क्रमच बदलावयास हवा. ब प्रकारची लस, जी २०११ पासून देशभरच्या बालकांच्या लसीकरणात आली परंतु त्याआधी जन्मलेल्या बहुसंख्य प्रौढांना मिळालेली नाही. रक्ततपासणी, जिच्यासाठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. मद्यपान व यकृतातील मेद. मग सहामाही सोनोग्राफी. आणि शेवटी सुई व धमनी, असा तो क्रम असावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून महाविद्यालये या वाड्यांवर जातातच. तेथे वाटावयाचे पत्रक मराठी, विज्ञान आणि समाजशास्त्र या विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून लिहिले, आणि छापण्यापूर्वी वाडीतल्या माणसाला वाचून दाखवले, तर वरील तिन्ही दोष बऱ्याच अंशी टळतील.