पाचपैकी किती?

आजचा विषय आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. "एवढ्यात काय पाहिलंस?" हा पहिला प्रश्न, आणि त्याला चिकटून येणारा दुसरा, "किती देशील?" पूर्वी दुसरा प्रश्न "कसा आहे?" असा असायचा. 'कसा'च्या जागी 'किती' आल्यामुळे आपल्या सिनेमाबद्दलच्या बोलण्याचं काय झालं, एवढंच मला आज तपासायचंय.

तारे देणाऱ्या रसिकांची टिंगल करायला मी उभा नाही. सिनेमा पाहून आल्यावर त्याबद्दल चार माणसांशी बोलावंसं वाटणं, समीक्षा तिथूनच सुरू होते. पूर्वी हे बोलणं फिल्म सोसायट्यांमध्ये चालायचं. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात सोसायटी काढली, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. खेळ संपला की चर्चा. पण खरं सांगायचं तर तिथे बोलणारे ठरावीक असायचे आणि बाकीचे ऐकायचे. आज तालुक्याच्या गावातली, कॉलेजात शिकणारी मुलगी रात्री सिनेमा बघते आणि सकाळी त्यावर दोनशे शब्द लिहिते. ही कमाईच आहे. माझी तक्रार त्या दोनशे शब्दांबद्दल नाही, त्यांच्या डोक्यावर बसलेल्या आकड्याबद्दल आहे.

आता हा आकडा इंटरनेटनं आणलाय असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १९२८ साली न्यू यॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थायरर यांनी सिनेमांना तारे द्यायला सुरुवात केली. पुढे १९५५च्या सुमारास फ्रान्सच्या 'काहिए द्यू सिनेमा' या मासिकात एक तक्ता छापून यायला लागला. एका बाजूला सिनेमांची नावं, दुसऱ्या बाजूला दहा समीक्षक, मधल्या चौकटींत ज्याचे त्याचे तारे. आणि बघूच नका म्हणायचं असेल तर काळा ठिपका! या तक्त्याची गंमत लक्षात घ्या. एकाच सिनेमाला एकाचे भरपूर तारे आणि शेजारच्या चौकटीत दुसऱ्याचा काळा ठिपका, हे भांडण वाचकाला उघड दिसायचं. तो विचारायचा, का बुवा?

१९९०मध्ये आयएमडीबीचं काम सुरू झालं. पुढे प्रेक्षकांनी दहापैकी गुण द्यायचे आणि सगळ्यांचे मिळून एक गुण दिसायचा, ही रीत रूढ झाली. इथे भांडण गायब झालं. साधं गणित करू. शंभर जणांनी एक सिनेमा पाहिला. पन्नास जणांनी पाच गुण दिले, पन्नास जणांनी सहा. सरासरी साडेपाच. दुसरा सिनेमा, तेच शंभर जण. पन्नास जणांनी दहा दिले, पन्नास जणांनी एक. सरासरी काढा. साडेपाचच! पहिल्या सिनेमाबद्दल कुणाला फारसं बोलायचं नाहीये. दुसऱ्यावरून घरात जेवणं थंड होतील. पण पाटीवर दोघेही साडेपाच.

हे फक्त माझं म्हणणं नाही. २००६ साली नेटफ्लिक्सनं दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. कुठल्या प्रेक्षकाला कुठला सिनेमा किती आवडेल याचा त्यांचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा, अशी अट होती. जगभरचे गणिती कामाला लागले, बक्षीस २००९मध्ये दिलं गेलं. त्या काळात एका सिनेमानं या मंडळींना फार छळलं. त्याचं नाव 'नेपोलियन डायनामाइट'. लोक त्याला एक तरी देत नाहीतर पाच, आणि कोण काय देईल ते आधीच्या आवडीनिवडींवरून कळेना. म्हणजे ज्या सिनेमापाशी माणूस स्वतःच्या सवयींपेक्षा वेगळा वागतो, तिथे हिशेब अडतो. समीक्षेला तर बरोबर तिथूनच काम असतं.

मग प्रश्न येतो, तारे देताना आपण नक्की कशाचं उत्तर देत असतो? मला निदान चार प्रश्न दिसतात. मला आवडला का? सिनेमा चांगला आहे का? तू जावंस का? आणि चौथा, जो आपण उघड कबूल करत नाही: मी कोणत्या प्रकारचा प्रेक्षक म्हणून ओळखला जाऊ? चारही उत्तरं एकाच आकड्यात कोंबली जातात. २०१७मध्ये नेटफ्लिक्सनं तारेच काढून टाकले आणि अंगठा आणला. त्यामागचं एक कारण असं होतं की लोक गंभीर माहितीपटाला भरघोस तारे द्यायचे आणि रात्री बघायचे मात्र हलकंफुलकं काहीतरी. (हशा) हसू नका, आपणही तेच करतो. रॉजर एबर्ट यांचं म्हणणं होतं की तारे सापेक्ष असतात. मारधाडपटाला दिलेले तारे इतर मारधाडपटांच्या तुलनेत असतात, सगळ्या सिनेमांच्या तुलनेत नव्हे. पण हे बारीक अक्षरातलं कलम आकड्यासोबत प्रवास करत नाही.

आता आपल्या शब्दांकडे येऊ. 'पैसा वसूल', 'टाइमपास', 'एकदा बघायला हरकत नाही', 'स्लो आहे', 'फर्स्ट हाफ मस्त, सेकंड हाफ लांबलाय'. ही आपली रसिकांची परिभाषा आहे. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही, पण उघडून बघायला हवी. यातले दोन शब्दप्रयोग मी घेतो आणि दोन सिनेमांवर लावून बघतो.

पहिला, 'स्लो आहे'. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. २०१४ साली व्हेनिसला बक्षीस मिळालं, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांचा शेरा होता, चांगला आहे पण स्लो आहे. कथा तुम्हाला आठवत असेल. गटारात उतरणारा एक कामगार मरतो, आणि त्याला आत्महत्येला प्रवृत्त करणारं गाणं म्हटलं म्हणून नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला भरला जातो. कॅमेरा लांब, स्थिर. प्रसंग संपला असं वाटलं तरी तो हलत नाही. स्लो आहे, कबूल. पण कुणासाठी? त्या कोर्टात तारीख घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी वेळ याच गतीनं जातो. सिनेमानं तो छाटला असता तर खटला आपल्याला रंजक वाटला असता, आणि ती फसवणूक झाली असती. मृत कामगाराची बायको साक्ष देते. तो आत उतरण्याआधी झुरळ बाहेर येतंय का ते बघायचा, म्हणजे आत हवा आहे की नाही ते कळायचं. हे ती शांतपणे सांगते. पार्श्वसंगीत नाही, डोळ्यांचा क्लोजअप नाही. तुम्हाला कुठे वाईट वाटून घ्यायचं ते सिनेमा सांगत नाही. ही जी अस्वस्थता आहे, तिला आपण 'स्लो' म्हणून मोकळे होतो.

आणखी एक. याच सिनेमात सरकारी वकील बाई कुटुंबाला घेऊन मराठी नाटकाला जातात. रंगमंचावर परप्रांतीयांची खिल्ली उडते आणि प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. सिनेमा आपल्याला प्रेक्षकच दाखवतो, टाळ्या वाजवणारे, आपल्यासारखे. दिवसभर कोर्टात कायद्याची कलमं वाचणारी बाई संध्याकाळी कशावर हसते, हे कळल्यावर तिचा युक्तिवाद आपल्याला वेगळा ऐकू येतो. 'पाचपैकी साडेतीन' म्हणताना हा धागा कुठे जातो?

दुसरा प्रयोग, 'फर्स्ट हाफ, सेकंड हाफ'. मध्यंतर हे आपल्याकडचं वैशिष्ट्य आहे, त्यामुळे सिनेमा दोन तुकड्यांत तोलायची सवयही आपली. २०१६चा नागराज मंजुळे यांचा 'सैराट'. चारही गाणी आर्ची-परशा पळून जाण्याआधी संपतात. थिएटरात लोक नाचले, शिट्ट्या झाल्या. मग हैदराबाद, झोपडपट्टी, पाणी, भांडी, संशय, मारहाण, पुन्हा सांधलेला संसार. त्या वेळी अनेकांनी सांगितलं, पहिल्या भागाला पाच, दुसऱ्याला तीन. सरासरी चार. पण हा सिनेमा दोन तुकड्यांची बेरीज नाहीच. पहिल्या भागात आपण ज्या प्रेमकथेवर नाचलो, तिची किंमत दुसऱ्या भागात मोजली जाते. गाणी थांबतात ती दिग्दर्शकाकडची संपली म्हणून थांबत नाहीत. त्या पोरांच्या आयुष्यातली ती थांबलेली असतात. शेवटी लहान मूल रक्तात पाय माखून दाराबाहेर चालत जातं तेव्हा आवाजच नसतो. ती शांतता झेपत नाही, कारण आधी आपण खूप आवाज केलेला असतो. पहिला भाग काढून घेतला तर ती शांतता काहीच करणार नाही. मग तुम्ही दोघांना वेगवेगळे गुण कसे देणार?

इथे कुणी म्हणेल, तुम्ही शेवट सांगितलात! हो, सांगितला. शेवट सांगू नको, हा नियम नव्या सिनेमाला रास्त आहे, पहिल्या आठवड्यात पाळायलाच हवा. पण तो आपण कायमचा लावून घेतलाय. काय घडतं ते बोलायचं नाही, कसं घडतं ते बोलायला शब्द नाहीत, मग उरतो फक्त आकडा.

आणि हे केवळ रसिकतेचं दुखणं नाही. मराठी सिनेमाला खेळ कमी मिळतात, वेळा अडनिड्या मिळतात. शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचं सोमवारपर्यंत बरंचसं ठरून जातं. अशा वेळी "ठीक आहे, तीन" हे तीन शब्द एखाद्या लहान सिनेमाला पुरेसे नडतात. आणि कौतुकाचा साडेचारही फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो आकडा शेजारच्या दहा सिनेमांनाही मिळालेला असतो. "त्या साक्षीच्या प्रसंगासाठी जा" असं कुणी सांगितलं तर माणूस उठून जातो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. तारे द्या, पण शेवटी द्या. आधी तीन गोष्टी सांगा. एक, डोक्यातून न जाणारा एक प्रसंग, आणि त्यात कॅमेरा, आवाज, नट नेमकं काय करत होते. दोन, तुम्हाला कुठे कंटाळा आला, आणि तो कंटाळा सिनेमाच्या कामाचा होता की ढिसाळपणाचा. तीन, ज्याला हा सिनेमा तुमच्या उलट वाटला, त्याला काय दिसलं असेल. हे तिसरं सगळ्यात अवघड. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट पडद्यातून आपल्याकडे. तो कुणाला लागला आणि कुणाला नाही, हे एकमेकांना विचारल्याशिवाय त्या सिनेमाचं बोलणं पूर्ण होत नाही.

तेव्हा आज घरी जाताना शेजारच्याला विचारा, एवढ्यात काय पाहिलंत? आणि तो आकडा सांगायला लागला की थोडं थांबवा, म्हणावं, तो राहू दे, आधी प्रसंग सांगा.

मी इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.