पट्टे, प्रकाश आणि निसटणारे तुकडे

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. मग उरलेला तुकडा गेला कुठे? याचे उत्तर मिळायला १३ वर्षे लागली. गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटवणारी रंगक्रिया मधल्या काळात हाती आली होती. तिच्या आधारे शिकागोच्या जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये दाखवले, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांशी बदलून घेतले आहेत. या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या घातक प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

रौलींच्या काळातली कॅरिओटाइप तपासणी आजही टिकून आहे. अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवायच्या, विभाजनाच्या ऐन टप्प्यावर थांबवायच्या आणि साधारण २० पेशींतली गुणसूत्रे पट्ट्यांवरून ओळखायची. काम वेळखाऊ आणि तयार नजर मागणारे. साधारण ५० लाख बेस-जोड्यांहून लहान बदल तिला सहसा दिसत नाहीत. शिवाय पेशी विभागली नाही तर सारेच अडते. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात तर कर्करोगी पेशी निवांत राहतात, निरोगी पेशी विभागतात आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो.

फिश (फ्लुरोसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन) तंत्राने ही अडचण दूर केली. चमकणारे डीएनए-शोधक न विभागणाऱ्या पेशीतही ठरावीक जनुकाला जाऊन चिकटतात. स्तनाच्या कर्करोगात हर-२ जनुकाच्या वाढलेल्या प्रती मोजायला ते आजही उपयोगी पडते. मात्र ज्या जनुकाचा शोधक टाकला, त्यापलीकडचे ते काही सांगत नाही.

मायक्रोअॅरे या तंत्राचा पल्ला मोठा. सगळ्या जनुकसंचातले बारीक लोप आणि वाढीव प्रती ते टिपते. पण जिथे काही हरवत नाही, वाढतही नाही, अशी निव्वळ अदलाबदल त्याच्या नजरेतून निसटते. म्हणजे ९ आणि २२ची ती नेमकी घटनाच. अनेक पेशींचा डीएनए एकत्र तपासल्याने कोणता बदल कोणत्या पेशीत होता, हेही कळत नाही.

ऑप्टिकल जीनोम मॅपिंग लांबच लांब डीएनए रेणूंवर खुणा करून लोप-वाढ आणि अदलाबदल असे दोन्ही प्रकारचे बदल वाचते. त्यासाठी ताजा किंवा नीट गोठवलेला नमुना लागतो. पॅराफिनच्या ठोकळ्यांत जपलेल्या गाठींवर ते चालत नाही, आणि सेंट्रोमिअरमधल्या, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागातल्या, तुटी त्याच्या हाती लागत नाहीत.

प्रत्येक तंत्राला अशी मर्यादा आहे. म्हणूनच क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या निदानवेळी लवकर निकाल मिळतो म्हणून फक्त फिशवर भागवणे खटकते. ९-२२ची जोडणी त्यात सापडते. जादा ८वे गुणसूत्र किंवा १७व्याची लांब भुजा दुप्पट होणे हे बदल मात्र त्या शोधकाला दिसत नाहीत. असे बदल रोग आक्रमक वळण घेण्याची शक्यता दाखवतात आणि पुढच्या उपचारांवर परिणाम करतात. ते हेरायला निदानाच्या वेळचा एक पूर्ण कॅरिओटाइप हवाच.