सिकंदरबागेचे छायाचित्र : उगमाचा शोध आणि साधनचिकित्सा

1857च्या उठावावरील ग्रंथांत लखनौच्या सिकंदरबागेचे एक छायाचित्र वारंवार आढळते. मागे तोफांच्या माऱ्याने उद्ध्वस्त झालेली खांबांची इमारत, तिच्यासमोर काही हिंदी माणसे व एक घोडा, आणि पुढच्या मोकळ्या जागेत विखुरलेल्या कवट्या व हाडे. चित्राखाली बहुधा स्थळाचे नाव आणि ‘1857’ एवढाच मजकूर असतो. यातील स्थळ बरोबर आहे. वर्ष मात्र चित्राचे नाही, लढाईचे आहे. ही चूक लहान वाटली तरी वसाहतकालीन लष्करी छायाचित्रांकडे पाहण्याच्या रूढ पद्धतीतील मोठी उणीव तिच्यातून उघड होते.

मराठी इतिहाससंशोधनाला साधनचिकित्सेची परंपरा आहे. एखादे जुने पत्र हाती आले की त्याचा कागद, वळण, शिक्का, मिती आणि ते ज्या दप्तरातून आले ते दप्तर, हे सारे तपासल्यावाचून त्यावर विधान केले जात नाही. बखरींना तर राजवाड्यांच्या काळापासून कठोर कसोटी लावली गेली. छायाचित्र मात्र या कसोटीतून बहुधा सुटते. यंत्राने टिपले म्हणजे ते खरेच, असा समज त्यामागे असतो. वास्तविक छायाचित्रालाही दप्तर असते: मूळ काच, तिच्यावरून काढलेल्या प्रती, त्यांवरील क्रमांक, शीर्षटीप आणि ज्या अल्बममधून प्रत आली तो अल्बम.

सिकंदरबागेवर सर कॉलिन कॅम्पबेलच्या सैन्याने 16 नोव्हेंबर 1857 रोजी हल्ला केला. 93वी हायलँडर्स आणि चौथी पंजाब पायदळ या पलटणी आत शिरल्या आणि आतील सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले, असे इंग्रजी वृत्तांत सांगतात. छायाचित्रकार फेलिचे बिआटो कलकत्त्यास पोचला तो 1858च्या फेब्रुवारीत. लखनौत त्याने काम केले ते त्या वर्षीच्या मार्चमध्ये इंग्रजांनी शहर पुन्हा जिंकल्यानंतर. म्हणजे लढाई आणि छायाचित्र यांत किमान चार महिन्यांचे अंतर आहे. तरीही मूळ इंग्रजी शीर्षटीप लढाईचा महिना, पलटणींची नावे आणि मृतांचा आकडा सांगते. चित्र केव्हा घेतले ते सांगत नाही. कॅमेऱ्याने न पाहिलेली घटना शीर्षटिपेने चित्रात आणून बसवली आहे.

कर्तृत्वाचा प्रश्नही दीर्घकाळ गुंतागुंतीचा राहिला. बिआटोचा मेहुणा जेम्स रॉबर्टसन याच्याबरोबरच्या भागीदारीमुळे भारतातील काही चित्रे रॉबर्टसनच्या नावावरही चढली. ‘फेलिचे अँतोनिओ बिआटो’ अशा सहीमुळे एकच मनुष्य इजिप्त आणि जपान येथे एकाच काळात कसा वावरला, हे कोडे अभ्यासकांना पडे. फेलिचे व अँतोनिओ हे दोन भाऊ होते, हे 1980च्या दशकात स्पष्ट झाले. फेलिचेचा मृत्यू 1909 साली फ्लॉरेन्समध्ये झाला, हे तर त्याचा मृत्युदाखला 2009 साली सापडल्यानंतर कळले. ज्याची चित्रे दीडशे वर्षे पुरावा म्हणून वापरली गेली, त्याच्या जीवनाच्या मूलभूत नोंदी इतक्या उशिरा जुळाव्यात, यावरून या क्षेत्रातील चिकित्सेची स्थिती समजते.

सर्वांत अस्वस्थ करणारी साक्ष सर जॉर्ज कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याची आहे. तो 1858 साली लखनौत होता. त्याच्या 1893 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींनुसार, झाकलेले अवशेष अखेरची विल्हेवाट लागण्यापूर्वी छायाचित्रासाठी पुन्हा उघडे करण्यात आले. ही साक्ष घटनेनंतर अनेक वर्षांनी छापली गेली, त्यामुळे तिचा तपशील जपून घ्यावा लागतो. परंतु ती कल्पित म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण बिआटोच्या पुढच्या कामात तिला जोड मिळते. ऑगस्ट 1860 मध्ये चीनमधील ताकू किल्ला पडल्यावर आतील चिनी सैनिकांची प्रेते आपले चित्र होईपर्यंत कोणी हलवू नयेत, असा त्याने आग्रह धरल्याचे सैन्यासोबत असलेल्या डॉ. रेनी यांनी नोंदवले आहे.

या साक्षीच्या आधारे काही वाचक छायाचित्राला ‘बनावट’ ठरवून मोकळे होतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. हाडे खरी होती, माणसे खरोखर मारली गेली होती. त्या काळच्या काचेवरील प्रक्रियेला काही सेकंदांचा स्थिर प्रकाश लागे. धावती लढाई तिला टिपता येणे शक्यच नव्हते, आणि म्हणून युद्धाचे छायाचित्र म्हणजे युद्धानंतरचे छायाचित्र हेच त्या काळी सर्वत्र चाले. प्रश्न खरेखोटेपणाचा नाही. हे चित्र कशाचा पुरावा आहे, हा आहे. नोव्हेंबर 1857च्या लढाईचा तो दुय्यम पुरावा ठरतो. 1858च्या वसंतात जेत्यांनी तो संहार कसा पाहू व दाखवू इच्छिला, याचा मात्र तो प्रथम दर्जाचा पुरावा आहे. मृतांना दहन वा दफन नाकारून त्यांच्या अस्थी देखाव्यासाठी मांडल्या गेल्या असतील, तर ती मांडणी हीच या चित्रात नोंदलेली घटना होय.

हा देखावा कोणासाठी होता, हे प्रतींच्या प्रवासावरून दिसते. छायाचित्र थेट वृत्तपत्रात छापण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. प्रती सुट्या विकल्या जात, अधिकारी त्या आपल्या अल्बममध्ये चिकटवीत आणि खाली ऐकीव मजकूर लिहीत. 1860च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील हेन्री हेरिंग याने बिआटोची भारत व चीनमधील चित्रे विक्रीस ठेवली. संग्रहालयांतील नोंदी पुष्कळदा अशा विक्रीतील शीर्षकांवर आणि अल्बममधील हस्ताक्षरांवर उभ्या असतात. त्या नोंदी तशाच उचलणारा अभ्यासक नकळत विक्रेत्याचे वाक्य इतिहास म्हणून पुढे नेतो.

चित्रातील जिवंत माणसांविषयी तर शीर्षटीप एक अक्षरही बोलत नाही. ती कोण होती? स्थानिक रहिवासी, मजूर, की छायाचित्रकाराने प्रमाण दाखविण्यासाठी उभे केलेले कोणी? हाडे उघडी करण्याचे काम त्यांनाच करावे लागले का? चौथ्या पंजाब पायदळात हिंदी सैनिकच होते, त्यामुळे ‘जेते’ व ‘जित’ ही विभागणीही चेहऱ्यांवरून करता येत नाही. चित्रावरील लेखनात हाडांना जितकी पाने मिळाली, तितक्या ओळीही या उभ्या माणसांना मिळालेल्या नाहीत.

वाजिद अली शाहाच्या सिकंदर महल बेगमेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बागेच्या परिसरात आज राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. जवळच उदादेवीचा पुतळा उभा आहे. झाडावरून गोळ्या झाडणारी एक स्त्री येथे मारली गेल्याचा उल्लेख इंग्रजी आठवणींतही येतो. ती पासी समाजातील उदादेवी होती, असे लोकस्मृती मानते. या ओळखीला कागदपत्रांचा आधार किती, हा वेगळ्या चिकित्सेचा विषय आहे. परंतु लोकस्मृतीने त्या ढिगातील एका मृत व्यक्तीला नाव दिले, आणि तेच काम बिआटोची काच, हेरिंगची विक्री व संग्रहालयाची नोंद यांपैकी कोणीही केले नाही.